उडती नळी (फिरता वलयपंख)

दोन्ही टोकांनी उघडी, पातळ भिंतीची आखूड नळी तिच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरवत फेकली, तर ती दगडासारखी खाली येत नाही. हवेला धरून जवळजवळ सरळ रेषेत पुढे जाते. तिला वेगळे पंख नसतात, शेपूटही नसते. भिंत हाच तिचा पंख. विमानाचा सरळ पंख वाकवत नेऊन त्याची दोन टोके एकमेकांना जोडली की जे कडे तयार होते, त्याला वलयपंख म्हणतात. उडती नळी म्हणजे स्वतःभोवती फिरणारा असा वलयपंख. खेळणे म्हणून ती लोकांना माहीत आहे, पण तिची घडण हा वायुगतिकी आणि भोवऱ्याचे शास्त्र या दोन्हींचा विषय आहे. नळी चांगली उडेल की नाही, हे सर्वांत आधी ठरते ते तिचे वजन लांबीच्या कुठल्या भागात आहे यावर. फिरकी, वेग आणि फेकणाऱ्याचा हात यांचा नंबर त्यानंतर लागतो.

इतर फिरत्या वस्तूंपासून वेगळेपण

दोन वस्तूंशी तिची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे मॅग्नस परिणामावर उडणारा दंडगोल. कागदी पेल्यांचे बूड बुडाला चिकटवून रबर बँडने उलटी फिरकी देत सोडले, की ते उचलले जातात. तिथे अक्ष प्रवासाच्या दिशेला आडवा असतो आणि उचल फिरण्यातूनच मिळते. १९२४ मधले ‘बुकाऊ’ हे जर्मन जहाज याच तत्त्वावर, डेकवरचे दोन उंच दंडगोल फिरवून वाऱ्याची ताकद वापरत असे. उडत्या नळीचा अक्ष मात्र प्रवासाच्या दिशेतच असतो, बंदुकीच्या गोळीसारखा. तिची उचल फिरकीतून येत नाही. फिरकी फक्त तिचे तोंड एका दिशेला रोखून धरते.

दुसरी गल्लत सपाट कड्यांशी होते. निहंग शीख दुमाल्यावर, म्हणजे उंच पगडीवर, मिरवतात ते पोलादी चक्र, बाहेरून धार लावलेले, ताटलीसारखे आडवे फिरत जाते. त्याचा अक्ष प्रवासाच्या दिशेला काटकोनात असतो. ॲलन ॲडलर या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये बाजारात आणलेली ‘एरोबी’ रिंगही याच घराण्यातली. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एरिन हेमिंग्ज यांनी ती ४०६ मीटर फेकली. ॲडलर यांच्यापुढचा प्रश्न मात्र उडत्या नळीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ होता. कड्याचा पुढचा अर्धा भाग स्वच्छ हवेत असतो, मागचा अर्धा त्याने ढवळलेल्या हवेत, त्यामुळे दोघांना सारखी उचल मिळत नाही आणि कडे कलते. बाहेरच्या कडेला एक बारीक ओठ काढून त्यांनी ही विषमता मिटवली.

उचल कुठून येते

नळी वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून सारखीच असते. त्यामुळे तिच्या भिंतीला विमानाच्या पंखासारखा फुगवटा दिला तरी त्यातून उचल मिळत नाही. वरच्या भागात जेवढी मिळेल तेवढी खालच्या भागात वजा होते. उचल हवी असेल तर नळीचे तोंड प्रवासाच्या दिशेपेक्षा किंचित वर असावे लागते. या कोनाला आघातकोन म्हणतात. तोंड वर असले की वरची आणि खालची अशा दोन्ही भिंती हवेला खाली वळवतात, आतून जाणारी हवाही खाली वळते, आणि नळी वर ढकलली जाते. डाव्या-उजव्या बाजूंच्या भिंती यात फारशी मदत करत नाहीत, पण त्या अगदीच वाया जात नाहीत. साध्या पंखाच्या टोकांशी खालची हवा वर निसटते आणि भोवरे तयार करते. वलयाला मुळात टोकच नाही. सिद्धांतानुसार, तेवढ्याच रुंदीच्या आदर्श सपाट पंखाने जेवढी उचल द्यावी तेवढीच वलयपंखाने दिली, तर उचलीपायी सोसावा लागणारा रोध निम्माच असतो.

पण हा कोन देतो कोण? फेकणारा तर नळी समोर, सरळ फेकतो. याचे उत्तर मला या विषयातले सर्वांत देखणे वाटते. फिरणाऱ्या नळीचा अक्ष अवकाशात आपली दिशा सोडत नाही. गुरुत्वाकर्षणाने तिचा मार्ग किंचित खाली झुकू लागतो, अक्ष मात्र होता तसाच राहतो. म्हणजे मार्गाच्या तुलनेत तोंड आपोआप वर येते आणि उचल सुरू होते. मार्ग आणखी झुकला तर कोन आणखी वाढतो, उचलही वाढते. वजन आणि उचल यांचा हिशोब नळी वाटेतच जुळवत जाते. पाच ग्रॅमची, साधारण ९ सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच व्यासाची कागदी नळी सेकंदाला १२ मीटर वेगाने जात असेल, तर वजन पेलायला दोनेक अंशांचा कोन पुरतो. वेग निम्मा झाला की त्याच कामासाठी चौपट कोन लागतो. प्रवासाच्या शेवटी नळी तोंड वर करून जड झाल्यासारखी खाली बसते, ती यामुळे.

पोकळपणाचे महत्त्वही इथेच आहे. तेवढ्याच मापाचा बंद डबा फेकला तर त्याच्या मागे हवेचा मोठा खळगा तयार होतो आणि तो डब्याला मागे खेचत राहतो. उघड्या नळीतून हवा आरपार निघून जाते. उरते ते भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठाशी होणारे घर्षण आणि पुढच्या कडेचा थोडा रोध.

वजन पुढे हवे

कुठल्याही पातळ पंखावरची उचल मिळून जणू एका बिंदूतून काम करते. त्याला दाबकेंद्र म्हणू. ते पंखाच्या मध्यावर नसते. पुढच्या कडेपासून साधारण एक चतुर्थांश लांबीवर असते, आणि नळी व्यासाच्या मानाने लांब होत गेली की आणखी पुढे सरकते. नुसत्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या नळीचा गुरुत्वमध्य मात्र बरोबर मध्यावर असतो. म्हणजे हवा उचलते पुढे आणि वजन लोंबते मागे. अशी नळी न फिरवता फेकली तर लगेच तोंड वर करून कोलांटी खाते.

फिरवून फेकली तर कोलांटी टळते, पण सुटका होत नाही. भोवरा कलंडताना सरळ खाली पडत नाही, वजनाच्या ओढीला काटकोनात डुलत गोल फिरतो. या गतीला परांचन म्हणतात. नळीचेही तसेच. उजव्या हाताने फेकलेली नळी मागून पाहिली तर सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते. तिचे तोंड वर ढकलणारा जोर मिळाला की तोंड वर न जाता उजवीकडे वळते. तोंड खाली दाबणारा जोर मिळाला तर डावीकडे. डावखुऱ्याच्या फेकीत दिशा उलट्या होतात. म्हणून सरळ उड्डाण हवे असेल तर मुळात जोरच मिळू नये, आणि त्यासाठी गुरुत्वमध्य पुढे आणून दाबकेंद्रावर बसवावा लागतो. चांगल्या नळ्यांच्या पुढच्या कडेला धातूचे कडे किंवा जाड गोट असतो, तो याचसाठी. पुष्कळांना तो फेकीला ‘जोर’ यावा म्हणून दिलेला भार वाटतो. जोर येतोच, पण तो भार मध्यावर बसवला असता तर नळी उडालीच नसती.

फिरकी आणि लांबी

फिरकीच्या दृष्टीने नळी हा फार चांगला आकार आहे. तिचे सारे वस्तुमान परिघावर असल्याने, तेवढ्याच वजनाच्या आणि व्यासाच्या भरीव दंडगोलाच्या दुप्पट निरूढी परिबल, म्हणजे फिरकी बदलायला होणारा विरोध, तिला मिळते. मनगटाच्या एका झटक्यात दिलेली फिरकी त्यामुळे जास्त टिकते. ती कमी करते ते हवेचे घर्षणच.

लांबीला मात्र मर्यादा आहे. नळी अक्षाभोवती स्थिर फिरत राहण्यासाठी त्या अक्षाचे निरूढी परिबल आडव्या अक्षापेक्षा मोठे असलेले चांगले. सारख्या जाडीच्या पातळ नळीचे गणित मांडले तर लांबी व्यासाच्या सुमारे १.२२ पटीवर पोचली की दोन्ही सारखी होतात. त्याच्या पुढे सुरुवातीची छोटीशी थरथर शमण्याऐवजी वाढत जाऊ शकते. टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी व्यासाच्या दुपटीहून लांब असते. ती कितीही सफाईने फेकली तरी डुगडुगत खाली येते. फेकणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. लांबी व्यासाएवढी किंवा त्याहून कमी, हे माप सुरक्षित.

पुढची कड गोलसर आणि मागची जमेल तितकी पातळ असावी. जास्त वजनाची नळी जास्त दूर जाते, कारण तिचा वेग घर्षणाला सहज दाद देत नाही. पण तिला सुरुवातीचा वेगही जास्त लागतो, आणि तो लहान मुलाच्या हाताला जमेलच असे नाही. या ओढाताणीत खेळणी बनवणारे साधारण वीस-पंचवीस ग्रॅमच्या आसपास थांबतात. अशा खेळण्यांत सर्वांत गाजले ते अमेरिकेतले ‘एक्स-झायलो’. बेलर विद्यापीठात शिकत असताना मार्क फोर्टी यांनी ते घडवले. पातळ प्लास्टिकची भिंत आणि पुढे धातूचे कडे एवढाच त्याचा पसारा. ते ६०० फुटांच्याही पुढे जाते, असे निर्माते सांगतात. पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची दोन्ही टोके कापून घरीही नळी करतात. तिची कापलेली कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून पुढच्या बाजूला चिकटपट्टीचे बरेच वेढे द्यावेत. त्याने हातही वाचतो आणि वजनही पुढे येते.

विमाने आणि शस्त्रे

न फिरणारे वलयपंख मोठ्या विमानांनाही लावून पाहिले गेले. लुई ब्लेरिओ आणि गाब्रिएल व्वाझँ या फ्रेंच विमानकर्त्यांनी १९०६ मध्ये लंबवर्तुळाकार वलयपंखांचे यंत्र बांधले; ते पाण्यावरून उठलेच नाही. फ्रान्समधल्या स्नेक्मा कंपनीचे ‘कोलिऑप्टेर’ शेपटीवर उभे राहून सरळ वर उडावे आणि पिंपासारख्या पंखावर आडवे होऊन पुढे जावे, असा बेत होता. १९५९ च्या जुलैमध्ये उभ्या उड्डाणातून आडवे होताना त्याचा ताबा सुटला. वैमानिक ऑगस्ट मोरेल आसनासह बाहेर फेकला गेला आणि जखमी होऊन वाचला. फिरकीचा आधार नसताना वलयपंख सावरणे किती कठीण आहे, हे त्या अपघाताने दाखवले.

फिरते वलय मात्र लष्कराने उचलले. १९७० च्या दशकात अमेरिकेत अब्राहम फ्लॅटाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमाव पांगवण्यासाठी मऊ रबराचे वलयी प्रक्षेपक तयार केले. एम-१६ रायफलीच्या तोंडाशी बसवलेल्या नळकांड्यातून ते फिरत सुटत. साध्या रबरी गोळीपेक्षा त्यांचा मार्ग सपाट असे, म्हणून लांबूनही नेम धरता येई.

कागदाची नळी

ए-फोर मापाचा (२१ × २९.७ सेंमी) साधा ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद घ्यावा, त्याचे वजन जवळजवळ ५ ग्रॅम भरते. लांब कडेने दीड सेंटिमीटरची पट्टी मोडावी आणि तीच पट्टी पुन्हा पुन्हा गुंडाळत, पहिली घडी धरून एकूण आठ वेळा दुमडावी. आता कागदाची उंची ९ सेंटिमीटर राहते आणि पुढे नऊ थरांचा जाड गोट तयार होतो. गोट टेबलाच्या काठावरून घासत नेला की त्याला बाक येतो. मग घडी आतल्या बाजूला ठेवून कागद गोल करावा, दोन सेंटिमीटर एकावर एक आणून चिकटपट्टी लावावी. व्यास जवळजवळ ८.८ सेंटिमीटर येतो.

या नळीचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून २.३६ सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या २६ टक्क्यांवर पडतो. नववी घडी घातली तर लांबी साडेसात सेंटिमीटर होते आणि गुरुत्वमध्य २४ टक्क्यांवर येतो. एका घडीने पडणारा हा दोन टक्क्यांचा फरक उड्डाणात डोळ्यांना दिसतो.

गोट पुढे ठेवून, नळी वरून बोटांत धरून, खांद्यावरून सरळ फेकावी आणि सोडताना बोटे तिच्या अंगावरून घसरू द्यावीत. सर्व जोर दंडात न घालता मनगटात ठेवावा. बंद खोलीत किंवा वारा नसलेल्या अंगणात ती दहाएक मीटर जाते. उजव्या हाताची फेक सारखी उजवीकडे वळत असेल, तर वजन मागे आहे. आणखी एक घडी घालावी. डावीकडे वळत असेल तर एक घडी उलगडावी. नळी सुरुवातीपासूनच थरथरत असेल तर घडीला हात लावू नये. तेव्हा ती बोटांतून वाकडी सुटलेली असते किंवा तिचे तोंड चेपून लंबगोल झालेले असते.