मदुराईचा पाय, मुंबईतलं बारसं

शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा मोडतो. जखम भरते, विसरलीही जाते. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे टणक गाठ येते. ती सहसा दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. तोवर गाठीला तोंडं फुटून पुवातून बारीक दाणे बाहेर पडू लागलेले असतात. हा मायसेटोमा.

सुश्रुतसंहितेत ‘वल्मीक’ नावाची, तळव्यावर वारुळासारखी हळूहळू वाढणारी गाठ सांगितली आहे. ती हीच असावी, असं मानणारे बरेच आहेत. १८४२ मध्ये मदुराईच्या दवाखान्यातून जॉन गिल यांनी या पायाचं वर्णन केलं आणि पुढे ‘मदुरा फूट’ हे नाव रूढ झालं.

‘मायसेटोमा’ म्हणजे बुरशीची गाठ. हे नाव मात्र मुंबईचं. ते दिलं ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी, १८६० च्या सुमारास. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं काढणारे कार्टर ते हेच, पुढे ते साताऱ्यात सिव्हिल सर्जन होते. कापलेले पाय उभे चिरून त्यांनी हाडापर्यंत पोचलेले दाणे पाहिले आणि १८७४ मध्ये या आजारावर सचित्र ग्रंथ काढला. काळ्या दाण्यांचा एक प्रकार आणि फिकट दाण्यांचा दुसरा, हा भेदही त्यांनी नोंदवला. त्या काळच्या साधनांनिशी केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

दोन्ही प्रकार बुरशीचेच, ही त्यांची समजूत मात्र टिकली नाही. १८९४ मध्ये फ्रेंच डॉक्टर व्हिन्सेंट यांनी फिकट दाण्यांतून जो जंतू वाढवला, तो आज जिवाणूंत मोजला जातो. १९१३ मध्ये फ्रेंच संशोधक पिनॉय यांनी जिवाणूंचा आणि बुरशीचा असे दोन्ही गट वेगळे केले.

उपचार या फरकावरच ठरतात. जिवाणूंचा मायसेटोमा को-ट्रायमॉक्साझोल आणि अ‍ॅमिकासिन या प्रतिजैविकांनी बहुतेकदा आटोक्यात येतो. बुरशीचा चिवट: इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध वर्षभर किंवा जास्त, जोडीला शस्त्रक्रिया, तरीही काहींचा पाय कापावा लागतो. काळा दाणा बुरशीचा, लाल जिवाणूचा. पांढरा दोन्हींचा असू शकतो. त्यामुळे नुसत्या रंगावर न जाता खोलवरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, कल्चरलाही (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखायला) पाठवावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा आजार दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला. इतका उशीर झाला, कारण तो गरीब शेतकऱ्याचा आणि गुराख्याचा. सुदानमध्ये तो फार आढळतो. तिथे बुरशीच्या मायसेटोमावर झालेल्या चाचणीत आठवड्यातून एकदा घेतलेलं फॉसरॅव्ह्यूकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध गुणात रोजच्या इट्राकोनाझोलच्या जवळपास उतरलं.