सर्व्हर जडसंग्रह (सहकारी होस्टिंग)

सर्व्हर जडसंग्रह : सभासदांच्या भागभांडवलावर किंवा वर्गणीवर संकेतस्थळे, ईमेल व फाइलसाठा चालवणाऱ्या गटाने आपल्या ताब्यातील सर्व्हर, डिस्क, रॅम, स्विच, पॉवर सप्लाय आणि सुटे भाग यांची ठेवलेली नोंद. यंत्रे सांभाळणारा सभासद तिला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतो, लेखापरीक्षक ‘डेड स्टॉक रजिस्टर’ म्हणतो आणि सरकारी मराठीत तिला ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ म्हणतात. तिन्ही नावे एकाच वहीची समजली जातात. तरी भर वेगवेगळा आहे. इन्व्हेंटरीत कोणती वस्तू कुठे बसवली आहे आणि चालू आहे का, हे पाहतात. डेड स्टॉकमध्ये ती कधी, कितीला घेतली आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहतात. खाजगी कंपनीत ही दोन कामे दोन खात्यांत विभागलेली असतात. सहकारी गटात मालक, ग्राहक आणि देखभाल करणारे तेच लोक असल्याने एकाच वहीला दोन्ही भार उचलावे लागतात.

संज्ञा : ‘डेड स्टॉक’ या इंग्रजी संज्ञेच्या मुळाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती शेतीतून आली. इंग्लंडमधील शेतांच्या लिलावयाद्यांत ‘लाइव्ह अँड डेड स्टॉक’ अशी जोडी येते : पहिल्यात गुरेढोरे, दुसऱ्यात नांगर, गाड्या, अवजारे. दुसरे मत व्यापारी हिशेबाकडे बोट दाखवते. ईस्ट इंडिया कंपनीच्या जमाखर्चात ‘क्विक स्टॉक’ आणि ‘डेड स्टॉक’ असे दोन गट होते. रोकड, माल, येणी हा फिरता भाग पहिल्यात. किल्ले, वखारी, इमारती, सामानसुमान हा अडकून पडलेला भाग दुसऱ्यात. संज्ञा इंग्रजी भाषेत कशी उपजली एवढाच प्रश्न असेल, तर शेतीचे मत अधिक नैसर्गिक वाटते. मात्र आपल्याकडील कचेऱ्यांत, शाळांत आणि सहकारी संस्थांत ती ज्या अर्थाने रुजली, तो अर्थ कंपनीच्या जमाखर्चाशी जास्त जुळतो : विक्रीला नसलेली, वापरासाठी धरून ठेवलेली, वर्षानुवर्षे शिलकेत दिसणारी वस्तू.

मराठी पर्याय करताना ‘मृत’ हा शब्द टाळून ‘जड’ घेतला गेला, हे चांगले झाले. जड-चेतन या जोडीतला अचेतन असा अर्थ इथे अभिप्रेत असावा. पण रोजच्या बोलण्यात जड म्हणजे वजनदार, आणि या दुसऱ्या अर्थाने बराच घोटाळा होतो. कपाट, टेबल, यूपीएस वहीत चढतात. हाताच्या पंजात मावणारी रॅमची पट्टी ‘सुटा भाग’ म्हणून बाहेर राहते. सर्व्हरच्या रॅमची एक पट्टी पुष्कळदा त्या टेबलापेक्षा महाग असते. ग्रामपंचायतीच्या नमुना १६ या जडवस्तू नोंदवहीत किंवा शाळेच्या वहीत वस्तू सुटी, डोळ्यांना दिसणारी आणि जागच्या जागी असते. सर्व्हरच्या पेटीत मात्र वस्तूच्या आत वस्तू असतात आणि आतल्या वस्तू पेट्या बदलत राहतात. जुना नमुना इथे अपुरा पडतो तो या कारणाने.

नग कोणता धरायचा : नोंदीचा सर्वांत कठीण प्रश्न हाच. पेटी हा एक नग धरला तर वही आटोपशीर राहते. पण दोन वर्षांत पेटीवरचा क्रमांक सोडून आतले काहीच जुळत नाही. प्रस्तुत नोंदकाराने पाहिलेल्या एका गटाच्या वहीत ‘रॅम, ४ नग’ एवढीच ओळ होती. त्यांतली एक पट्टी चुका दाखवू लागली, तेव्हा चारपैकी दोन गटाने विकत घेतलेल्या आणि दोन एका सभासदाने उसन्या दिलेल्या होत्या, एवढे सर्वांना आठवत होते; बिघडलेली पट्टी कोणाची, हे सांगता येत नव्हते. वॉरंटी तिच्यावर मागायची की भरपाई त्या सभासदाला द्यायची, हे ठरवायला सर्व्हर बंद करून चारही पट्ट्या काढाव्या लागल्या आणि स्टिकरवरचे क्रमांक बिलांशी ताडून पाहावे लागले. सिरियल नंबर असलेला प्रत्येक भाग स्वतंत्र नग धरावा, हा नियम त्यामुळे योग्य ठरतो. केबली, केज नट (सर्व्हर ज्या मांडणीत बसवतात तिच्या भोकांत अडकवायचे नट), स्क्रू आणि सीआर२०३२ जातीची बटणसेल यांना तो लावू नये. त्यांची मोजदाद साठ्याच्या वहीत पुरते.

क्रमांक मिळवण्यासाठी दर वेळी पेटी उघडावी लागत नाही. मदरबोर्डवरील फर्मवेअर (यंत्रात कायम बसवलेली आज्ञावली) आपल्या भागांची माहिती ठराविक तक्त्यांत मांडून ठेवते आणि लिनक्सवर डीएमआयडीकोड या आज्ञेने ती वाचता येते : पेटीचा क्रमांक, बोर्डाचा क्रमांक, कोणत्या खाचेत कोणती रॅम, तिचा वेग व क्रमांक. डिस्कचा क्रमांक आणि ती एकूण किती तास चालली हे स्मार्ट या अंतर्गत नोंदीतून कळते. वर्षाचे तास ८,७६० होतात. तेव्हा ‘नवी’ म्हणून आलेल्या डिस्कवर ३०,००० तास दिसले, तर ती सुमारे साडेतीन वर्षे कुठेतरी राबून आली आहे. जुन्या बाजारातून माल घेणाऱ्या गटाने हा आकडा आवक होताच वहीत उतरवावा. नंतर त्यावरून वाद घालता येत नाही. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्यातील पहिले २४ बिट सामान्यतः उत्पादकाला नेमून दिलेले असतात. तो ओळखीला उपयोगी आहे, पण सॉफ्टवेअरने बदलता येतो म्हणून मालकीचा पुरावा मानू नये.

रॅमच्या नोंदीत फक्त ‘१६ जीबी’ लिहून भागत नाही. डीडीआर३ पिढीच्या पट्टीला २४० आणि डीडीआर४ पट्टीला २८८ पिना असतात. डीडीआर५ लाही २८८ च आहेत, पण पट्टीवरची खाच वेगळ्या जागी आहे, म्हणून ती डीडीआर४ च्या जागी बसत नाही. शिवाय रजिस्टर्ड (मध्ये स्वतःची रजिस्टर चिप असलेल्या) आणि अनबफर्ड (तशी चिप नसलेल्या) पट्ट्या एका बोर्डावर एकत्र चालत नाहीत. वहीत पिढी आणि जात लिहिलेली नसेल, तर रात्री दोन वाजता कपाटातून काढलेला सुटा भाग निरुपयोगी ठरतो.

लेबल : लेबल कशावर चिकटवावे याचा विचार सहसा होत नाही. ते झाकणावर लावू नये. एकाच मॉडेलचे दोन सर्व्हर शेजारी उघडले की झाकणांची अदलाबदल होते आणि वहीच्या दृष्टीने सर्व्हरांचीच अदलाबदल होते. पुष्कळ सर्व्हरांना समोर बाहेर ओढायची छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. लेबल तिच्यावर किंवा मूळ सांगाड्यावर लावावे. दुकानाच्या पावतीसारख्या थर्मल कागदाचे लेबल मागच्या बाजूला लावले तर गरम हवेने काळे पडते. ठाणे आणि नवी मुंबईच्या पावसाळी दमटपणात साध्या कागदाचा गोंदही सुटतो. रिबनवर छापलेली किंवा लॅमिनेटेड पट्टी टिकते.

रॅकमधील जागा : रॅक म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायची धातूची मांडणी. सर्व्हरची जागा रॅक क्रमांक आणि ‘यू’ या उंचीच्या एककाने सांगतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिमी, पूर्ण उंचीचा नेहमीचा रॅक ४२ यूंचा असतो. पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी. या मापाचा उगम काही जण रेल्वे सिग्नलच्या रिले-फळ्यांत शोधतात. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस लांब पल्ल्याच्या टेलिफोन केंद्रांतील रिपीटरांची (क्षीण झालेला आवाज पुन्हा वाढवणाऱ्या यंत्रांची) मांडणी नव्याने आखली, तेव्हा ते रूढ झाले, असे दुसरे मत आहे. त्या आखणीत प्रत्येक फळीची उंची पावणेदोन इंचांच्या पूर्ण पटीत ठेवली होती आणि आजचा यू नेमका तेवढाच आहे. कागदोपत्री पुरावा या दुसऱ्या मताला अधिक अनुकूल आहे. पुढे ते ईआयए-३१० या मानकात पक्के झाले.

नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की एका यूमध्ये तीन भोके असतात आणि त्यांतील अंतरे सारखी नसतात : १५.८७५, १५.८७५ आणि १२.७ मिमी. दोन यूंमधील सीमा कमी अंतराच्या दोन भोकांच्या मध्ये येते. केज नट एक भोक चुकला की सर्व्हर अर्ध्या जागेत बसतो, वरचा यू वाया जातो आणि वहीतला आकडा प्रत्यक्ष रॅकशी कधीच जुळत नाही. यूंची गणती बहुधा खालून वर करतात, काही रॅकांवर आकडे वरून खाली छापलेले असतात. वहीच्या पहिल्या पानावर आपली दिशा लिहून ठेवावी. दोन यूंचा सर्व्हर ‘यू १७–१८’ असा दोन्ही आकड्यांनी लिहिलेला बरा.

स्थानिक परिस्थिती : ठाणे-बेलापूर रस्त्यालगतची एमआयडीसीची ट्रान्स ठाणे क्रीक वसाहत मुळात रासायनिक व अभियांत्रिकी कारखान्यांची. ऐरोली, रबाळे, महापे भागात आता मोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथे रॅक किंवा त्याचा भाग भाड्याने मिळाला, की गटाची मालमत्ता दुसऱ्याच्या छपराखाली जाते. वस्तू आत नेताना आणि बाहेर काढताना गेटपास होतो. परत आणायच्या वस्तूचा रिटर्नेबल आणि कायमच्या बाहेर जाणाऱ्या वस्तूचा नॉन-रिटर्नेबल, हा भेद कारखान्यांतून आलेला आहे. गेटपासचा क्रमांक वहीच्या ओळीत लिहिणे ही या भागातील गटासाठी सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे, कारण मालकीचा प्रश्न दारावरच उभा राहतो. एखाद्या सभासदाच्या घरी किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील गाळ्यात सर्व्हर असेल, तर यूपीएसच्या बॅटरीची तारीखही नोंदवावी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईत एकाच वेळी वीज गेली होती. अशा वेळी बॅटरी किती जुनी आहे, हे वहीत पाहून कळले पाहिजे.

मालकी आणि कायदा : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्था नोंदवण्यास वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० व्यक्ती लागतात. नोंदणी झाली की संस्था स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करू शकते. नोंदणी नसलेल्या गटात बिल ज्याच्या नावाचे, कागदावर वस्तू त्याची; अशा गटांत वहीला करारपत्राची जागा घ्यावी लागते. म्हणून ‘मूळ’ या रकान्यात खरेदी, देणगी, उसनवार यांपैकी एक शब्द आणि उसनवार असल्यास सभासदाची सही असावी. सभासद गट सोडतो त्या दिवशी या रकान्याचे मोल कळते. सही नसेल तर दहा वर्षांची मैत्री एका डिस्कवरून तुटू शकते, आणि ही गोष्ट पैशांच्या नुकसानीपेक्षा अधिक दुःखाची आहे.

घसाऱ्याचे दर कायद्यागणिक वेगळे आहेत. आयकरात संगणकाला ४० टक्के दर आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत सर्व्हर व नेटवर्कचे आयुष्य ६ वर्षे आणि डेस्कटॉप-लॅपटॉपचे ३ वर्षे धरले आहे. सहकारी संस्थेवर ही अनुसूची बंधनकारक नाही, तरी ६ वर्षांचा अंदाज वापरास योग्य वाटतो. वर्षातून एकदा प्रत्यक्ष पडताळणी करावी, आणि यंत्रे रोज हाताळणाऱ्या सभासदाबरोबर ती न हाताळणारा एक सभासद ठेवावा.

परदेशांत इंग्लंडमधील शेफिल्ड येथील वेबआर्किटेक्ट्स ही सहकारी होस्टिंग संस्था आहे. फ्रान्समध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या फ्रामासॉफ्ट संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये शातों हा होस्टिंग देणाऱ्या छोट्या पर्यायी गटांचा समूह उभा राहिला. नोंदीसाठी नेटबॉक्स (२०१६ पासून मुक्त स्रोत) व रॅकटेबल्स ही सॉफ्टवेअरे वापरली जातात. रॅकचे चित्र ती उत्तम दाखवतात. ‘मूळ’ हा रकाना आपला आपणच वाढवावा लागतो.

निर्लेखन : निकामी वस्तू वहीतून कमी करण्यास निर्लेखन म्हणतात. त्यासाठी समितीचा ठराव, वस्तूचा क्रमांक आणि ती कुठे गेली याची पावती लागते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतील मोठ्या ग्राहकाची व्याख्या वर्षात किमान १,००० उपकरणे वापरणाऱ्यांना लागते, त्यामुळे छोटा गट तिच्यात येत नाही. तरी माल भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडेच द्यावा. डिस्कचे निर्लेखन वेगळे करावे. चुंबकीय डिस्क डीगॉसरने, म्हणजे तीव्र चुंबकाच्या यंत्राने, पुसता येते. एसएसडीवर चुंबकाचा परिणाम होत नाही, तिची साठवण चिप फोडलेली बरी. सर्व्हर बंद पडला म्हणून त्यातील नोंदी लगेच पुसू नयेत : सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप लिहिलेल्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस ठेवाव्या लागतात. डेटा सेंटर आणि व्हीपीएस (एका सर्व्हरचे भाग करून दिलेले आभासी सर्व्हर) पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची माहितीही, सेवा संपल्यावर, ५ वर्षे जपायची असते. अशी डिस्क ‘राखीव, पुसू नये’ असा शेरा आणि मुदतीची तारीख लिहून कपाटात ठेवतात. मुदत संपल्यावर दोन सभासदांसमोर ती फोडून दोघांच्या सह्या त्याच ओळीत घेतात.