तोंडातली न भरणारी जखम आणि आयुर्वेदिक औषधे : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तोंडाच्या कॅन्सरवर आयुर्वेदात औषध आहे का, हा प्रश्न आमच्या औषधालयात जवळजवळ रोज विचारला जातो. प्रत्येकाला सविस्तर उत्तर देणे दुकानातल्या गर्दीत जमत नाही, म्हणून ते येथे एकदाच नीट लिहीत आहोत. तोंडाचा कॅन्सर समूळ बरा करील असे कोणतेही चूर्ण, भस्म, तेल किंवा काढा आमच्याकडे नाही, आणि तसा दावा जे करतात त्यांच्यावर विश्वास ठेवून कुणीही वेळ घालवू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. या रोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि गरजेप्रमाणे केमोथेरपी हाच आहे. त्या उपचाराच्या सोबतीने मात्र आयुर्वेदाला करण्यासारखे पुष्कळ आहे. तोंडाची आग आणि कोरड, गेलेली भूक, बद्धकोष्ठता, उपचारानंतरचा अशक्तपणा, तंबाखू सोडताना होणारी तगमग या सर्व गोष्टींत आमची औषधे उपयोगी पडतात आणि आम्ही ती आनंदाने देतो.

ज्या एका चुकीमुळे रुग्णांचे सर्वाधिक नुकसान होते ती म्हणजे निदान न करता औषधे बदलत राहणे. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला एखादी जखम होते. घरचे जाईचा किंवा तोंडलीचा पाला चघळायला सांगतात. त्याने गुण न आल्यास मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचे जेल आणले जाते, त्यानंतर आमच्याकडून खदिरादी वटी नेली जाते, मग कुणीतरी लांबच्या गावातल्या जडीबुटीवाल्याचे नाव सुचवतो, आणि या सगळ्यात दोन-तीन महिने निघून जातात. यांपैकी पहिले दोन-तीन उपाय साध्या तोंड येण्यावर चांगलेच आहेत. परंतु ती जखम कॅन्सरची असेल तर तेवढ्या काळात ती जबड्याच्या हाडापर्यंत किंवा मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचू शकते, आणि जे काम लहान शस्त्रक्रियेत झाले असते त्यासाठी जबड्याचा भाग काढावा लागतो.

म्हणून आमचा नियम साधा आहे. नेहमीचे तोंड येणे आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरून येते. दोन आठवडे उलटूनही जखम तशीच असेल तर आमच्याकडे दुसऱ्या औषधाची मागणी करू नये, तर दंतवैद्य, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयातील दंतविभाग गाठावा. एखाद्या दाताची धारदार कड गालाला किंवा जिभेला घासत असल्यामुळेही जखम भरत नाही, आणि ती कड दंतवैद्याने घासून दिल्याशिवाय कोणतेही औषध लागू पडत नाही. म्हणजे कॅन्सर नसला तरी तिथे जाणे वाया जात नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही विशेष नसेल’ असे अनेक जण म्हणतात, परंतु सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. दुखऱ्या जखमेकडे माणूस आपोआप लक्ष देतो, न दुखणारी तशीच राहून जाते, आणि आम्हाला खरी काळजी तिचीच वाटते.

तंबाखू, गुटखा, मावा, खर्रा, मिश्री किंवा सुपारी यांची सवय असलेल्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड पाहावे. कवळी असल्यास काढून ठेवावी आणि चूळ भरावी. दोन्ही ओठ उलटे करून आतली बाजू पाहावी, मग बोटाने गाल बाहेर ओढून जिथे तंबाखूची गोळी ठेवण्याची सवय आहे ती जागा विशेष लक्षपूर्वक तपासावी. जिभेचे टोक स्वच्छ रुमालात धरून ती एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे ओढून दोन्ही कडा पाहाव्यात, आणि शेवटी जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा पाहावी. पांढरा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा, बोटाला कडक लागणारी जागा, कारण नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरलेला खड्डा, मानेत गाठ, एका बाजूचा कान ठणकणे यांपैकी काहीही आढळले आणि ते दोन आठवड्यांत गेले नाही तर तपासणी करून घ्यावी. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक गंभीर समजावा.

तपासणी म्हणजे बहुतेक वेळा बायोप्सी, आणि येथेच पुष्कळांचे पाय अडतात. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही समजूत गावोगावी इतकी रुजलेली आहे की सुशिक्षित घरांतली माणसेही ती बोलून दाखवतात. तिला आधार नाही. जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा जागा बधिर करून काढतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. बायोप्सीनंतर रोग वाढलेला दिसतो त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, अहवाल हाती आल्यावर घाबरून उपचार पुढे ढकलले जातात आणि त्या काळात रोग आपल्या गतीने वाढत राहतो.

वैद्य असून तुम्ही आम्हाला ऑपरेशनला का पाठवता, असे काही ग्राहक नाराजीने विचारतात. शल्यचिकित्सा ही आयुर्वेदाला परकी नाही. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ दिलेली असून त्यांतले काही असाध्य म्हणून स्पष्ट सांगितले आहेत. अर्बुदाच्या, म्हणजे वाढणाऱ्या गाठीच्या, चिकित्सेत शस्त्र, क्षार आणि अग्नी यांचा उपयोग सांगताना, दोषाचा अंश शिल्लक राहिला तर अर्बुद पुन्हा उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, असा इशाराही तिथे आहे. त्या परंपरेचा मान राखायचा असेल तर काढून टाकण्याजोगी गाठ काढ्यावर ठेवता येत नाही. शिवाय १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याप्रमाणे कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि तो कायदा रुग्णाच्या हिताचा आहे असे आमचे मत आहे.

कॅन्सरचे निदान होऊन उपचार ठरल्यावर आमच्याकडे अवश्य यावे. किरणोपचार, ज्यांना आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात, साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटते, लाळ घट्ट होते, पाणी गिळणे अवघड होते, आणि नेमक्या त्या वेळी काही जण शेक सोडून त्याऐवजी औषध मागायला येतात. शेकात खंड पडला की त्याचा परिणाम कमी होतो, म्हणून तो कृपया सोडू नये. त्रास तिथल्या डॉक्टरांना सांगावा आणि आमच्याकडून तो सुसह्य करण्यापुरती मदत घ्यावी. त्यासाठी आम्ही त्रिफळा व ज्येष्ठमधाची भरड देतो. एक मोठा चमचा भरड दोन कप पाण्यात अर्धा कप उरेपर्यंत उकळावी, दुहेरी फडक्यातून गाळावी, आणि पूर्ण कोमट झाल्यावर तोंडात खळखळवून थुंकून टाकावी. ती गिळू नये, कारण ज्येष्ठमध पोटात अधिक काळ गेल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम कमी होते, आणि काही केमो औषधांनीही पोटॅशियम उतरते. मधाच्या वापराने शेकाच्या काळातला तोंडाचा त्रास कमी होतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, मात्र मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. औषधी तेल तोंडात भरून, न हलवता, डोळ्यांतून व नाकातून पाणी येऊ लागेपर्यंत धरणे म्हणजे गंडूष. गिळताना ठसका लागणाऱ्यांनी तो करू नये.

खदिरादी वटीबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. तिच्या पारंपरिक पाठात कापूर आणि कंकोळ असतात, त्यामुळे सोललेल्या तोंडाला ती झोंबते, आणि काही पाठांत सुपारीही असते. लेबलावर ती ‘पूग’ किंवा ‘क्रमुक’ या नावाने लिहिलेली असते. ज्यांना सुपारीपासून दूर राहायचे आहे त्यांनी घटक वाचूनच वटी घ्यावी. आमच्याकडची वटी सुपारीशिवाय बनवलेली असते. पारा किंवा इतर धातू असलेले रसकल्प आम्ही केमोथेरपी चालू असताना देत नाही, कारण सिस्प्लॅटिनसारख्या केमो औषधाचा ताण आधीच मूत्रपिंडावर असतो. आमच्याकडून जे काही घेतले असेल त्याची चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवावी. ते रागावतील म्हणून लपवू नये.

तोंड कमी उघडणे हा वेगळा विकार असून तो मुख्यतः सुपारीमुळे होतो. आपलीच तीन बोटे एकावर एक ठेवून उभी तोंडात जात नसतील, तिखट सहन होत नसेल आणि गालाची आतली त्वचा पांढरी, ताठ झाली असेल तर पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. येथे तिळाच्या तेलाचा गंडूष, गालांना मालिश, आणि दातांमध्ये आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक वाढवत जाण्याचा व्यायाम आम्ही शिकवतो. चिकाटीने केल्यास उघडझाप सुधारण्यास मदत होते. परंतु ताठरलेले तंतू पूर्ववत होत नाहीत आणि सुपारी चालू असताना तर कोणतेही तेल व्यर्थ जाते. साधी सुपारी निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक ठरलेली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी घराघरांत स्त्रियांची मिश्री चालूच आहे. ती भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. ती सोडू इच्छिणाऱ्या भगिनींना आम्ही तंबाखूविरहित दंतमंजनाची पहिली डबी विनामूल्य देतो. सवय सोडण्यासाठी सल्ला हवा असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

व्हॉट्सॲपवर तोंडाचा फोटो पाठवून कुरिअरने औषध मागवणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नकार देतो, कारण फोटोत जखमेचा कडकपणा कळत नाही आणि मानेतली गाठ दिसत नाही. प्रत्यक्ष येताना बायोप्सीचा अहवाल, स्कॅनची फाइल, चालू औषधांची यादी आणि रक्त पातळ करणारी गोळी असल्यास तिचे पाकीट सोबत आणावे. खर्चाच्या भीतीने कुणी थांबले असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार समाविष्ट आहेत. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसास, भेटावे. ज्यांचा अहवाल अजून झालेला नाही त्यांच्याकडून आम्ही सल्ल्याचे शुल्क घेत नाही, फक्त तपासणीसाठी चिठ्ठी लिहून देतो.