एकट्यानं गाडी काढून चांदोली ते कान्हा : परवाने, पात्रता आणि कागदपत्रं

गेल्या हिवाळ्यात मी सांगलीहून एकटीच गाडी घेऊन निघाले आणि ताडोबा, पेंच, कान्हा करून दहाव्या दिवशी घरी परत आले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून सारखी विचारणा होते. कुणी विट्याहून फोन करतं, कुणी कराडहून. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "एवढ्या लांब जायला परवानगी कुठून काढायची?"

अशी एकच एक परवानगी नसते, हे आधी लक्षात घ्या. कागदांचे दोन गठ्ठे होतात. एक रस्त्याचा : लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. दुसरा जंगलाचा : कोण, कोणत्या तारखेला, कोणत्या गेटनं, सकाळी की दुपारी आत जाणार याचा परवाना. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातला (म्हणजे 'कोअर', सर्वांत जास्त संरक्षण असलेला आतला भाग) हा परवाना माणसाच्या नावावर निघतो, तुमच्या गाडीच्या नाही. ताडोबा असो की कान्हा, स्वतःची गाडी गेटबाहेर लावायची आणि नोंदणी केलेल्या जिप्सीत गाईडबरोबर बसायचं. आठशे किलोमीटर चालवत आलेल्या माणसाला ते जड जातं, पण नियम आहे आणि तो योग्यच आहे. मोटरसायकलवाल्यांनाही तेच लागू.

म्हणून आधी सफारीचे परवाने काढा आणि त्या तारखांवर रस्ता बसवा. बहुतेकजण उलटं करतात. सुट्टी टाकतात, हॉटेल घेतात आणि शेवटी बुकिंग उघडतात, तेव्हा शनिवार-रविवार कधीच भरून गेलेले असतात.

प्रवेशाचा कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. कलम २८ मध्ये परवाना कोणत्या कारणांसाठी मिळतो ते दिलं आहे : अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम. कलम ३५ नं हेच नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लावले आहेत. आपल्यासारख्यांचं काम पर्यटनाच्या परवान्यावर भागतं. तो त्या त्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर किंवा गेटवर मिळतो. माहितीपट करायचा असेल किंवा संशोधन करायचं असेल, तर मात्र राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. तो अर्ज सफारीच्या बुकिंगमध्ये मिसळू नका.

पर्यटनासाठी पात्रतेची मोठी अट नाही. भारतीय नागरिकाला फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र पुरतं, परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट लागतो आणि त्यांचे दर वेगळे असतात. एकट्या बाईला परवाना देत नाहीत, असं मला निघण्याआधी चारचौघांनी सांगितलं होतं. तसा कुठलाही नियम नाही. फॉर्ममध्ये वय आणि लिंग विचारतात ते नोंदीसाठी.

तारखा कशा बसवायच्या

ताडोबाचं गाभा क्षेत्र आणि मध्य प्रदेशातल्या उद्यानांचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटनाला बंद असतं. ताडोबाचं गाभा क्षेत्र दर मंगळवारी बंद, आणि मध्य प्रदेशात बुधवारी दुपारची फेरी बंद. कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलं की याच बंद वेळांत रस्ता बसतो. मी असं केलं : रविवार-सोमवार ताडोबाच्या फेऱ्या, मंगळवारी चंद्रपूरहून नागपूरमार्गे पेंचच्या तुरिया गेटजवळ मुक्काम, बुधवारी सकाळी पेंचची फेरी, आणि दुपारी फेरी नसतेच म्हणून जेवण उरकून कान्ह्याच्या खटिया गेटकडे प्रयाण. अंधार पडायच्या आत पोहोचले. गाडी चालवण्यात एकही सफारी बुडाली नाही.

पेंच दोन राज्यांत पसरलेलं आहे. तुरिया मध्य प्रदेशात, सिल्लारी आणि खुर्सापार महाराष्ट्रात. दोन्हींचं बुकिंग वेगळ्या संकेतस्थळांवर होतं, त्यामुळे गेटचं नाव बघूनच पैसे भरा.

फॉर्म भरताना

महाराष्ट्रातलं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर होतं, मध्य प्रदेशातलं एमपी ऑनलाइनच्या वनविभागाच्या पोर्टलवर. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे का ते बघा. जाहिरातीतून उघडणारी, सरकारी वाटणारी खासगी पानं पुष्कळ आहेत.

फॉर्म उघडण्याआधी ओळखपत्र समोर ठेवा आणि नाव अक्षर न अक्षर त्यावरून उतरवा. हे मी अनुभवानं सांगते. माझं लायसन्स लग्नाआधीचं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार लग्नानंतर बदललेलं, त्यावर नवऱ्याचं नाव. बुकिंग आधारवर केलं होतं. एका गेटवर पहाटे साडेपाचला, हात थंडीनं काकडलेले, खिडकीत कागद सरकवला तर आतल्या माणसानं ओळखपत्र मागितलं. पाकिटात फक्त लायसन्स. आधार मुक्कामाच्या खोलीत, दुसऱ्या पिशवीत. त्यानं दोन्ही आडनावं वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, परवान्यावरचं कार्ड आणा." मी फोनमधला फोटो दाखवला, तोही चालला नाही. अकरा किलोमीटर मागं जाऊन कार्ड आणेपर्यंत सगळ्या जिप्स्या आत गेल्या होत्या. माझी जिप्सी थांबली म्हणून निदान उरलेली फेरी मिळाली.

आपल्याकडे अर्ध्याअधिक बायकांच्या कागदांवर दोन नावं असतात. त्यासाठी लगेच राजपत्रात नाव बदलायची गरज नाही. ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलंय तेच मूळ कार्ड गेटवर न्या, एवढंच. एकदा निघालेल्या परवान्यावर नाव बदलून मिळत नाही, असंच धरून चाला.

एकट्या माणसाचा दुसरा प्रश्न पैशांचा. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. मध्य प्रदेशात एका सीटचाही परवाना मिळतो. उरलेल्या जागांवर दुसरी माणसं येतात. जिथे पूर्ण जिप्सीच घ्यावी लागते, तिथे एकट्याला सहा जणांचा भार पडतो. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच विचारा, जोडीदार मिळतात. पण पूर्ण जिप्सीच्या परवान्यावरही प्रत्येकाचं नाव लागतं, म्हणून ऐनवेळी कुणाला चढवता येत नाही. जे ठरवायचं ते बुकिंगआधी ठरवा.

परवान्याची कागदावर छापील प्रत काढा. गेटजवळ रेंज नसते, आणि आत मोबाईल नेता येत नाही.

रस्त्याचे कागद

इथे नियम उलटा आहे. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स, आरसी, विमा पोलिसांना मूळ कागदाइतकेच मान्य आहेत. २०१८ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी दुरुस्ती झाली. रस्त्यावर मोबाईल चालतो, जंगलाच्या गेटवर कार्ड लागतं, असं मी सोपं करून लक्षात ठेवलं आहे. पण एकदा फोन बंद पडला की एकटा माणूस अडकतो, म्हणून झेरॉक्सचा एक संच डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या.

लायसन्सची तारीख आज बघा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत वयावर ठरते : तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमध्ये साठीपर्यंत, त्यापुढे पाच-पाच वर्षं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, ती आता नाही. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, आणि संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. अर्ज सारथी पोर्टलवर करायचा आणि आपलं कार्यालय निवडायचं : सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कराड एमएच ५०. चाळिशी ओलांडलेल्यांनी फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आधी भरून घ्यावं. लर्निंग लायसन्सवर हा प्रवास करताच येत नाही, कारण शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी.

मी नेलेली गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. घरच्याची गाडी चालवायला वेगळा परवाना लागत नाही, पण परराज्यात कुणी हटकलं तर हाताशी असावं म्हणून त्यांनी साध्या कागदावर लिहून दिलं : गाडीचा नंबर, माझं नाव, नातं, "माझ्या संमतीने नेत आहे", खाली सही आणि त्यांच्या आधारची झेरॉक्स. तो कागद कुणी मागितला नाही. तरी मी पुढच्या वेळीही नेणार आहे.

विमा आणि पीयूसी परतीच्या तारखेपर्यंत चालू हवेत. पीयूसी वाटेत संपलीच तर कुठल्याही राज्यातल्या केंद्रावर नवी मिळते. फास्टॅगचा केवायसी पूर्ण करा. सांगली-मिरजेहून सोलापूर, मग तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा जवळजवळ सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा आहे, त्यामुळे खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांना सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास इथे उपयोगी पडतो. समृद्धी महामार्गावर तो चालत नाही.

आधी घरचं जंगल

कान्ह्याला जाण्याआधी चांदोली बघा, ही माझी मनापासूनची विनंती आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत तो पसरला आहे आणि क्षेत्र संचालकांचं कार्यालय कोल्हापूरला आहे. चांदोली आणि कोयना दोन्ही २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटात आहेत. शिराळा तालुक्यातल्या मणदूरच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून आत जायचं. इथे वाघ दिसेल म्हणून जाऊ नका. झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, उभं राहून वारणेचं खोरं बघा. या जंगलासाठी गावंच्या गावं उठली, त्यांची माणसं आज वसाहतींमध्ये राहतात. नाक्यावरच्या वहीत नाव लिहिताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

साताऱ्याकडून वासोटा किल्ल्यावर जायचं तर बामणोलीला वनविभागाची नोंद आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोट. बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, म्हणून एकट्यानं सकाळी लवकर जाऊन एखाद्या गटात सामील व्हावं. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही. प्लास्टिकच्या वस्तू मोजून नेतात आणि परत आल्यावर मोजून घेतात.

गाडीतून काय काढून ठेवायचं

आपल्या भागात गाडीच्या डिकीत कोयता असणं ही रोजची गोष्ट आहे. ऊस, चारा, कुंपण, कशालाही लागतो. अभयारण्यात शस्त्र घेऊन प्रवेश कलम ३१ नं बंद आहे आणि नाक्यावर तपासणी झाली तर समजावून सांगण्यात तास जातो. कोयता, छऱ्याची बंदूक, गलोल घरी ठेवा. आग लावायला कलम ३० ची मनाई आहे, म्हणून वाटेत जंगलात चूल मांडून चहा करायचा बेत रद्द करा. ड्रोनही नको. अभयारण्यात नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं; व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात शिक्षा याहून कडक आहे. तंबू ठोकायचा असेल तर वनविभागाच्या स्वतःच्या निवास जागा किंवा बाहेरचे खासगी तळ बघा.

दक्षिणेला जाणार असाल तर

सांगलीहून बेळगावमार्गे बंदीपूर, मुदुमलै, उटी हा रस्ताही अनेकजण एकट्यानं करतात. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग रात्री ९ ते सकाळी ६ खासगी वाहनांना बंद असतो. नाक्यावर साडेआठपर्यंत पोहोचलात तरच पलीकडे जाता येईल, नाहीतर मुक्काम गुंडलुपेटला करा. निलगिरी जिल्ह्यात आणि कोडाईकनालला जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४ पासून ई-पास लागतो. तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर, प्रवाशांची संख्या, तारखा आणि मुक्कामाचा पत्ता भरला की तो फुकट मिळतो. त्यावरचा क्यूआर कोड नाक्यावर बघतात. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या तिथे काढून घेतात, स्टीलची बाटली न्या.

निघायच्या आदल्या रात्री सगळ्या परवान्यांची एक प्रत, मुक्कामांची नावं-तारखा आणि गाडीचा नंबर घरी देऊन ठेवा. आमच्याकडे तो कागद सासूबाईंनी फ्रिजवर चिकटवला होता. रोज संध्याकाळी मी पोहोचल्याचा फोन केला की त्या दिवसावर त्या पेनानं खूण करत. अडचण आलीच तर पोलिसांसाठी ११२ आणि महाराष्ट्र वनविभागासाठी १९२६, हे दोन्ही नंबर त्याच कागदावर खाली लिहिलेले होते.