त्वचा उजळवणे (गोमंतक)

त्वचा उजळवणे : मलम, साबण, गोळ्या, शिरेतून दिलेली औषधे किंवा रसायनाने त्वचेची वरची साल काढून अंगाचा मूळ वर्ण फिका करण्याचा प्रघात. वांग किंवा मुरमांचे डाग यांवरचा वैद्यकीय उपचार यात धरत नाहीत. मात्र त्याच उपचारातील औषधे निरोगी चेहऱ्यावर लावली जातात आणि हानीचा मोठा भाग तेथूनच होतो. वापराची सुरुवात बहुधा महाविद्यालयीन वयात किंवा लग्न जुळवण्याच्या काळात होते.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत गोव्यातील पोर्तुगीज राजवटीकडे (१५१०–१९६१) बोट दाखवते. डच प्रवासी लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. १५९६ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने मेस्तीसांचा, म्हणजे पोर्तुगीज व एतद्देशीय अशा मिश्र वंशाच्या लोकांचा, रंग पिवळसर असल्याचे आणि येथे वसलेल्या पोर्तुगीजांची तिसरी पिढी रंगारूपाने एतद्देशीयांसारखीच दिसत असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे रंगावरून कूळ ताडण्याची सवय त्या समाजात तेव्हा तरी होतीच. दुसऱ्या मतानुसार गोऱ्या रंगाची ओढ त्याहून जुनी असून जातिव्यवस्थेशी निगडित आहे. या मतासाठी चरकसंहितेतील ‘वर्ण्य’ गणाचा दाखला देतात. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठ, सारिवा इत्यादी दहा द्रव्ये येतात. हा दाखला मात्र पुरेसा वाटत नाही, कारण ‘वर्ण्य’ म्हणजे कांती सुधारणारे, गोरे करणारे नव्हे. त्याच संहितेच्या इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात (सावळा-गोरा) आणि अवदात (गोरा) हे चारही वर्ण प्रकृत मानले आहेत. उलट शुक्ल, म्हणजे पांढऱ्याफटक, वर्णाची गणना विकृतीत केली आहे. जुनी ओढ आणि वसाहतकालीन प्रतिष्ठा एकमेकींवर चढत गेल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. लग्नातली हळद आणि ख्रिस्ती घरांतील रोस, म्हणजे वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा विधी, यांचा संबंध काही लेखक गोरेपणाशी जोडतात. दोन्ही विधी मुळात शुद्धीचे व मंगलाचे आहेत.

आधुनिक बाजाराचा आरंभ भारतात साधारणतः १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमपासून धरतात, २०२० मध्ये तिच्या नावातील ‘फेअर’ वगळले गेले. आरोग्याच्या दृष्टीने अशा सौंदर्यप्रसाधनांहून घातक ठरल्या त्या औषधी ट्यूब.

क्लिगमन व विलिस यांनी १९७५ मध्ये वांगासाठी त्रिमिश्रण सुचवले : हायड्रोक्विनोन (रंगद्रव्य घटवणारे) ५%, ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासूनचे औषध) ०.१% आणि डेक्सामेथासोन (दाह दाबणारे स्टेरॉइड) ०.१%. भारतात खपणाऱ्या मिश्रणात बहुधा हायड्रोक्विनोन २%, ट्रेटिनॉइन ०.०२५% व मोमेटासोन ०.१% असते. पहिले दोन घटक सौम्य झाले, पण स्टेरॉइड अधिक जोरकस झाले. हे मिश्रण रात्री, केवळ डागांवर आणि काही आठवडेच लावायचे असते. प्रत्यक्षात ट्यूबचे नाव मैत्रिणीकडून कळते, ती फार्मसीतून चिठ्ठीविना घेतली जाते आणि दिवसाच्या क्रीमसारखी चेहराभर फासली जाते. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, रंगपेशी मंदावतात आणि दोन-तीन आठवड्यांत चेहरा नितळ, उजळ दिसतो. फसगत येथेच होते. पुढे कातडी पातळ होते, गालांवर लाल शिरांचे जाळे उमटते, हनुवटीवर बारीक पुळ्या येतात, लव वाढते आणि दुचाकीवरून दहा मिनिटे उन्हात गेले तरी चेहरा भाजल्यासारखा जळजळतो. ट्यूब थांबवली की काही दिवसांतच लाली व खाज उसळते. ती शमवायला तीच ट्यूब पुन्हा लावली जाते. या अवस्थेला लाहिरी व कुंडू यांनी २००८ मध्ये ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचे नाव दिले. भारतातील १२ केंद्रांतून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याचे विकार असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. गजकर्णावर असे मलम लावल्यास कडा पुसट होऊन रोग ओळखूच येत नाही आणि आत पसरत राहतो.

सोडवणूक शक्य आहे, हे रुग्णाला आवर्जून सांगायला हवे. मलम एकदम थांबवायचे की सौम्य स्टेरॉइडवर आणून कमी करत जायचे, हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतो. सोबत टॅक्रोलिमस हे स्टेरॉइडविरहित दाहशामक मलम आणि गरजेनुसार डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. स्क्रब, ब्लीच व फेशियल बंद ठेवून साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. चेहरा निवायला कित्येक महिने लागतात.

पाऱ्याचे क्षार रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात, म्हणून ते काही क्रीममध्ये चोरून घालतात. पारा कातडीतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो; एकाच टॉवेलमुळे घरातल्या लहानग्यांनाही तो बाधतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांत एनईएलएल-१ हे, या विकाराच्या पाऱ्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रकाराची खूण असलेले प्रथिन सापडले आणि त्यातल्या १३ जणांनी उजळवणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. लघवीला फेस येणे, सकाळी पापण्या व संध्याकाळी घोटे सुजणे या खुणा दिसल्यास क्रीम तत्काळ थांबवावी, लघवीतील प्रथिने व पारा तपासावा आणि डबी डॉक्टरांना दाखवावी. वेळीच थांबल्यास बहुतेकांचे मूत्रपिंड सावरते.

हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे वापरल्यास गालफडांवर निळसर-काळे दाणे उठतात (ऑक्रोनोसिस). ते जवळजवळ कायमचे असतात आणि उन्हात वाढतात. रंग उजळवण्यासाठी शिरेतून देतात ती ग्लुटाथायोन या द्रव्याची सलाइन पार्लरपर्यंत पोचली आहे. तिच्या धोक्यांविषयी फिलिपीन्सच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला होता. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा पोळून काळे पट्टे उमटतात. काजूच्या हंगामात टरफलाच्या तेलाने बोटे भाजतात, तेथेही मागे काळे डागच राहतात : दुखावलेली सावळी त्वचा उजळत नाही, काळवंडते.

गोव्याच्या दमट उन्हात घामाने सनस्क्रीन ओघळते. चेहरा व मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर पेरभर नव्हे, दोन्ही बोटांच्या पूर्ण लांबीइतके, एसपीएफ ३० वा अधिकचे सनस्क्रीन लागते. ते दर दोन तासांनी आणि समुद्रातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. वांग असल्यास लोह ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे निवडावे.

सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पारा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. खरेदी करताना उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक पाहावा. घटकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असल्यास ते प्रसाधन नसून औषध आहे. अशी अनेक मलमे मार्च २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. संशयित डबी रिकामी झाली तरी फेकू नये. बांबोळी येथील अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे ती बिलासह नेता येते.