धूर नाही म्हणजे धोका नाही? शेगडीबद्दल जरा ऐका

थंडी पडली की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरोघरी एकच सल्ला, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत शेगडी ठेवा, फक्त कोळसा बाहेर पेटवून धूर गेला की मगच आत आणा, काही होत नाही. हे चूक आहे बरं का, आणि साधी चूक नाही.

धूर गेला तरी लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू निघतच राहतो, त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळं खोली बंद असली की झोपेतच माणूस बेशुद्ध होतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही आधीची लक्षणं, पण आई-बाबांच्या वयात आपण ते पित्त नाहीतर बीपी समजून सोडून देतो.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून 98 दिसलं म्हणून निवांत बसू नका, साधा ऑक्सिमीटर या वायूला ऑक्सिजनच समजतो! अशी लक्षणं दिसली की दारं-खिडक्या उघडा, माणसाला बाहेर आणा, 108 ला फोन लावा.

मग ऊब कशी द्यायची? स्वेटर, कानटोपी, पायमोजे, अंगावर घोंगडं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून झोपायच्या आधी अंथरुणात ठेवायची आणि मग काढायची, शुगरवाल्यांच्या पायाला तर चटका बसलेला कळतच नाही कित्येकदा. शेकायचंच असेल तर अंगणात शेका की, गप्पा पण होतात.