खोलीची हवा किती पाणी पिते?

चवथीला आठ दिवस राहिले होते. आम्ही सगळे साफसफाईसाठी डिचोलीच्या मूळ घरी गेलो होतो आणि इकडे फोंड्याच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचा पाईप नळापासून सुटला. संध्याकाळी दार उघडलं तर बैठकीच्या खोलीत पाण्याचा पातळ थर पसरलेला, आणि दादाने मस्कतहून आणलेला गालिचा पाऊल ठेवलं की पचपच करत होता. आधी मेन स्विच बंद केला. जमिनीवर पाणी असताना दुसरं काहीही करण्याआधी हेच करायचं असतं.

मग सल्ले सुरू झाले. वहिनी म्हणाली, "दारं-खिडक्या लावा नि पंखा पाचावर सोडा, सकाळपर्यंत सुकेल." समोरच्या काकी म्हणाल्या, "जाडं मीठ पसरा, मीठ पाणी ओढून घेतं." खालच्या मजल्यावरून निरोप आला की कापूर जाळा, ओल जाते. तिन्ही सल्ले मनापासून दिलेले होते आणि तिन्हींत थोडंथोडं खरं आहे. तरीही गोव्याच्या ऑगस्टमध्ये ते का चालत नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी साधा हिशोब करू. आमची खोली बारा बाय बारा फुटांची, उंची दहा फूट. म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा. २७ अंश सेल्सियसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २५.८ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के धरली, तर त्यातले २२ ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरली जागा घनमीटरला चार ग्रॅमहून किंचित कमी. अख्ख्या खोलीची मिळून सुमारे १६० ग्रॅम. चहाचा एक कप!

आमच्या गालिच्यात मुरलेलं पाणी होतं दहा लिटर. (हा आकडा अंदाजाचा नाही. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर गालिच्याची गुंडाळी घेऊन मी स्वतः उभा राहिलो, ओला असताना आणि पूर्ण सुकल्यावरही.) दहा लिटर पाणी सामावायला अशा साठ-पासष्ट खोल्यांची हवा लागेल. दारं-खिडक्या लावून पंखा सोडला तर तीच एक खोलीभर हवा गोलगोल फिरत राहते. पहिला कप पाणी घेतलं की तिच्यात जागाच उरत नाही.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. 'हवा पाणी पिते', 'हवेत जागा उरत नाही' हे आपण बोलण्यासाठी म्हणतो, मीही वर तेच केलं. पण हवा म्हणजे स्पंज नव्हे. वाफ हवेच्या भरवशावर राहत नाही, ती स्वतःच्या हिशोबाने वागते. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी, १८०२च्या सुमारास. अणुसिद्धान्तामुळे शाळेत भेटतात तेच डाल्टन. त्यांचं म्हणणं असं: ओल्या पृष्ठभागाला लागून वाफेचा एक दाब असतो आणि खोलीतल्या हवेत वाफेचा दुसरा दाब असतो. बाष्पीभवनाचा वेग या दोन दाबांमधल्या फरकावर ठरतो. फरक मोठा तर पाणी झपाट्याने जातं, फरक शून्य तर ते हलत नाही. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू दोन्ही दिशांना सतत ये-जा करत असतात. गालिच्यातून जितके सुटतात, त्यातले जवळपास तितकेच दमट हवेतून परत येऊन बसतात. आपल्या हाती लागते ती फक्त वजाबाकी.

आणि ही वजाबाकी आपल्याला वाटते त्याहूनही लहान असते. कारण पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती गालिचा स्वतःतून आणि भोवतालच्या हवेतून घेतो. म्हणून तो गार पडतो. २७ अंश आणि ८५ टक्क्यांच्या हवेत ओला पृष्ठभाग साधारण २५ अंशांवर येऊन थांबतो. गार पृष्ठभागाचा वाफेचा दाब कमी, म्हणजे फरक आणखी आकसला. हिशोब केला तर तो १३५ पास्कलच्या आसपास निघतो. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल असतो, त्यापुढे हे काहीच नाही. आता तीच खोली, तेच २७ अंश, पण आर्द्रता ५० टक्क्यांवर आणली, तर गालिचा साडेएकोणीस अंशांपर्यंत गार पडतो आणि तरीही फरक ५०० पास्कलच्या घरात जातो. साडेतीन पटींहून जास्त. तापमान तेच, पंखा तोच. जानेवारीत सकाळी वाळत घातलेली चादर दुपारी घडी करायला मिळते आणि ऑगस्टमध्ये रुमालसुद्धा दोन दिवस दोरीवर लटकतो, याचं मर्म इथे आहे.

मग पंखा करतो काय? ओल्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो आणि तो वाफेने गच्च भरलेला असतो. पंखा तो थर खरवडून पातळ करतो. म्हणजे फरकाचा पुरेपूर फायदा पंखा मिळवून देतो, पण फरक निर्माण करणं त्याच्या हातात नाही. वहिनीचं अर्धं बरोबर होतं ते इथपर्यंत.

आपल्या जुन्या घरांत हा फरक निर्माण करायची सोय होती. आजी पावसाळ्यात कपडे चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर टाकायची. २७ अंशांची दमट हवा ३७ अंशांपर्यंत तापवली, की तिच्यातली वाफ तितकीच राहूनही सापेक्ष आर्द्रता ८५वरून ५० टक्क्यांवर येते. शिवाय कौलांच्या फटींतून ती हवा वर निघून जायची आणि खालून नवी यायची. फ्लॅटमध्ये ना चूल, ना कौलं.

आता मीठ. मीठ ओलावा ओढतं हे खरंच आहे. पण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतली वाफ ओढून स्वतःच पाझरतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते त्याआधीच पाणी सोडायला लागतं. बरणीत तांदळाचे दाणे टाकायची पद्धत गोव्यात घरोघर आहे ती याचसाठी. असं मीठ गालिच्यावर पसरलं तर पाणी बाहेर जात नाही, त्याचं खारट पाणी होऊन तंतूंमध्ये मुरतं. पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात तो गालिचा हवेतली ओल ओढत राहील.

कापराचं तर याहून उलट. कापूर हा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा बनलेला आहे. जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. दहा ग्रॅम कापूर पूर्ण जळला तर खोलीत साडेनऊ ग्रॅम वाफेची भर पडते. देवापुढे कापूर आम्हीही लावतो. पण ओल घालवण्यासाठी तो जाळणं म्हणजे ओल्या खोलीत आणखी पाणी सोडणं. त्याचा वास कुबट वासाला झाकतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. ओळखीच्या एका कुटुंबाला अशाच ओलीवर 'ईशान्य कोपऱ्यात दोष आहे' असं सांगून पूजा आणि पिरॅमिड विकले गेले. त्या कोपऱ्यात भिंतीच्या आतला पाईप गळत होता. मला याची चीड येते, कारण तेवढ्या महिन्यांत घरातल्या लहान मुलाला बुरशीच्या हवेत झोपवलं गेलं.

आम्ही काय केलं ते सांगतो. पहिलं काम पाणी वाफ न करता बाहेर काढायचं. एक लिटर पाणी एक मीटर वर उचलायला दहा ज्यूलही लागत नाहीत. त्याच पाण्याची वाफ करायला चोवीस लाख ज्यूल लागतात, जवळजवळ अडीच लाख पट. तंतूंमधून पाणी ओढायलाही थोडा जोर लागतो, पण तो या हिशोबात किरकोळ आहे. शेजाऱ्यांकडून पाणी ओढणारा व्हॅक्यूम आणला, एकेका पट्ट्यावरून सावकाश तीनदा फिरवला. अर्ध्या तासात साडेसहा लिटर टाकीत. ज्यांच्याकडे असा व्हॅक्यूम नाही त्यांनी जाड टॉवेल अंथरून त्यावर उभं राहावं, टॉवेल पिळावा, परत अंथरावा.

गालिच्याखाली अंथरलेला स्पंज वेगळा काढून टाकून दिला. गालिचा जमिनीवरून उचलला आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पाठींवर आडवा टाकला. हे फार महत्त्वाचं. गालिचा सुकतो दोन टप्प्यांत. सुरुवातीला केशाकर्षणाने पाणी आतून वर येत राहतं आणि पृष्ठभाग ओला असतो. नंतर वरचे तंतू कोरडे लागतात, पण पाठीचं तागाचं कापड ओलंच असतं आणि तिथली वाफ दाट लवीतून हळूहळू झिरपत बाहेर येते. या दुसऱ्या टप्प्यात वरून कितीही वारा घातला तरी फरक पडत नाही, खालूनच हवा लागते. वरून सुकला म्हणून परत अंथरलेले गालिचे आठवड्याने वास मारतात ते याच टप्प्यात फसल्यामुळे.

मग खिडक्या लावून एसी 'ड्राय'वर ठेवला आणि पंखा गालिच्याच्या खालून सोडला. एसीची आतली नळी दहा-बारा अंशांपर्यंत थंड असते. तिच्यावरून जाणारी हवा दहिवर पडण्याइतकी गार होते आणि पाणी तिथेच सांडते. १९०२मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं, तेही माणसांना गारवा देण्यासाठी नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. तक्रार होती ती ओलाव्याची.

गॅलरीत एसीच्या पाईपखाली बादली ठेवली. पाणी धारेने पडत होतं. रात्री दोनला उठून पाहिलं तर बादली काठोकाठ. त्यातलं सगळं गालिच्यातलं नव्हतं, बाहेरची दमट हवा फटींतून येतच असते. पण गालिच्यातलं पाणी जायचं असेल तर त्याच वाटेने जायला हवं होतं.

घाई एवढ्यासाठी, की बुरशीचे बीजाणू घराघरांत असतातच. त्यांना फक्त ओल हवी असते. साधारण २४ ते ४८ तासांत सुकवलं तर ते रुजायला अवसर मिळत नाही. आमचं पाणी नळाचं, स्वच्छ होतं. गटाराचं किंवा संडासाचं पाणी शिरलं असेल, तर गालिचा सुकवत बसू नये, टाकून द्यावा.

सुकलं की नाही हे मी तळहाताच्या मागच्या बाजूने पाहत होतो. जिथे अजून वाफ निघते ती जागा गार लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी मधला पट्टा तसाच गार होता, रात्री फक्त एक कोपरा. तिसऱ्या दिवशी सकाळी कुठेच गार लागेना. गुंडाळी घेऊन काट्यावर उभा राहिलो, माझं वजन वजा केलं: नऊ किलो. संध्याकाळी परत केलं, तेव्हाही नऊच. मग खुर्च्या जागेवर नेल्या.